नदी सोडून तळ्याकाठी

इंग्रजांनी आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांचीही वर्णव्यवस्था लावून ठेवली आहे. सामन आणि ट्राउट हे वरच्या वर्णाचे. त्यांना 'गेम फिश' म्हणायचे आणि त्यांच्यामागे जायचे ते सरदार-उमरावांनी, न्यायाधीशांनी, निवृत्त कर्नलसाहेबांनी. उरलेले सगळे, म्हणजे रोच, ब्रीम, टेंच, पर्च, कार्प वगैरे, हे 'कोर्स फिश'. कोर्स म्हणजे भरड. आपण ज्वारी, बाजरी, नाचणीला भरड धान्य म्हणतो, तसे हे भरड मासे. आणि भरड धान्याप्रमाणेच ते कष्टकऱ्याच्या वाट्याला आलेले. सामनच्या चांगल्या नदीचा काठ आठवडाभर भाड्याने घ्यायचा तर त्याचे भाडे ऐकूनच सामान्य माणसाचे डोळे पांढरे होतात. भरड मासे मात्र गावच्या नदीत, कारखान्यामागच्या कालव्यात, जुन्या खाणीच्या खड्ड्यात कुठेही सापडत. शेफील्डचा सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा कारागीर, डर्बीशरचा खाणकामगार, बर्मिंगहॅमचा गिरणीतला फिटर यांनी रविवारची सकाळ या माशांच्या नावे लिहून दिली होती.

हा छंद किती खोल रुजला होता, याची साक्ष कायद्याच्या पुस्तकातही आहे. मासे अंडी घालतात त्या महिन्यांत त्यांना पकडू नये, ही मागणी शेफील्डच्या या कष्टकरी गळवाल्यांनी लावून धरली आणि त्यांचे खासदार मुंडेला यांनी १८७८ साली तसा कायदा करून घेतला. आजही इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकता येत नाही. १६ जूनची पहाट म्हणजे या मंडळींची नारळी पौर्णिमाच. कित्येक जण आदल्या मध्यरात्रीपासून काठावर जाऊन बसतात. बहुतेक तळ्यांना मात्र १९९५ पासून आणि कालव्यांना २००० पासून या बंदीतून सूट मिळाली. ही सूट दिसायला किरकोळ, पण तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

मी इंग्लंडच्या मध्यभागात बरीच वर्षे राहतो आहे. माझे शेजारी निवृत्त बसचालक, वय सत्तरीच्या पुढे. गेल्या मे महिन्यात ते मला त्यांच्या क्लबाच्या एका मैत्रीपूर्ण स्पर्धेला घेऊन गेले. मे महिना म्हणजे नदी बंद. स्पर्धा होती एका शेतकऱ्याने खोदलेल्या तळ्यावर. अशा तळ्यांना इकडे नुसते 'कमर्शियल' म्हणतात. तिकीट काढायचे, दिवसभर मासे पकडायचे, संध्याकाळी सोडून द्यायचे आणि घरी जायचे.

सकाळी आठ वाजता तळ्याकाठच्या छोट्या उपाहारगृहात वीस-बावीस मंडळी जमली होती. बहुतेक साठीच्या पुढची, दोन-तीन तरुण आणि आजोबांबरोबर आलेली बारा वर्षांची एक मुलगी. चहाचे मोठे मग, पावात घातलेले बेकनचे काप आणि एकमेकांची यथेच्छ टिंगल. साडेआठला क्लबाचे चिटणीस एक कापडी पिशवी घेऊन उभे राहिले. तीत आकड्यांच्या सोंगट्या होत्या. जो आकडा निघेल ती जागा. या जागेला 'पेग' म्हणतात. पूर्वी काठावर खरोखरच खुंटी ठोकत, आता पाण्यावर लाकडी फळ्यांचा छोटा चौथरा असतो. या पिशवीवर सर्वांची विलक्षण श्रद्धा. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला कार्प गोळा होतात, टोकाच्या जागेला एकाच बाजूला शेजारी असल्यामुळे मासे जास्त मिळतात, हे प्रत्येकाला पाठ असते. पण हात घालायचा तो आंधळेपणानेच. चिटणीसही सर्वांसारखाच हात घालतो. क्लबात कुणाचा मुलगा डॉक्टर आहे आणि कुणाचा बेकार, हे पिशवीला ठाऊक नसते.

दहा वाजता शिट्टी वाजली. शेजाऱ्यांच्या मागे एका घडीच्या खुर्चीवर बसून मी सहा तास पाहत होतो. आपल्या डोळ्यांसमोर गळ म्हणजे बांबूची काठी, दोरी आणि गांडूळ. यांच्या हातात होता कार्बनचा तेरा मीटर लांब पोल. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला, वजनाला हलका, आणि चांगल्यातला घ्यायचा तर काही हजार पौंडांचा. त्याच्या शेंड्याच्या पोकळीतून रबरी दोर ओवलेला असतो. मासा ओढ घेऊ लागला की रबर ताणले जाते आणि मासा दमतो. गळाला उलटा काटा नसतो, म्हणजे तो माशाच्या ओठातून अलगद सुटावा. शेंड्याला अडकवलेल्या चिमुकल्या वाटीतून पलीकडच्या काठाशी खाद्याच्या सात-आठ गोळ्या टाकायच्या, त्यांच्यावरच गळ धरायचा आणि फ्लोटच्या रंगीत टोकाकडे पाहत राहायचे. टोक बुडाले की मनगट उचलायचे. मासा जाळ्यात घ्यायचा आणि पाण्यात सोडलेल्या लांब जाळीदार पिशवीत ठेवायचा. एका पिशवीत किती वजन ठेवायचे याचीही मर्यादा असते, नाहीतर मासे घुसमटतात.

बाहेरून हा खेळ आळशांचा वाटतो, पण एक तासभर पाहिले की त्यातला हिशेब कळू लागतो. खाद्य जास्त पडले तर मासे पोट भरून निघून जातात, कमी पडले तर शेजाऱ्याकडे जातात. दुपारनंतर कार्प काठाशी येतात हे जाणून बहुतेकांनी शेवटचा तास पायांपुढच्या दोन हात पाण्यासाठी राखून ठेवला होता. ती बारा वर्षांची मुलगी काठाशीच लहान दांडीने मासे काढत होती आणि प्रत्येक माशाचे नाव आजोबांना ओरडून सांगत होती. माझे शेजारी चार तासांत चार वाक्ये बोलले असतील. त्यांतली दोन वाऱ्याबद्दल होती.

चार वाजता पुन्हा शिट्टी. मग तिपाईवर टांगलेला काटा घेऊन सगळा क्लब एकेका पेगवर गेला. वजन अजूनही पौंड आणि औंसांत. पहिल्या आलेल्याचे चौऱ्याऐंशी पौंड, म्हणजे सुमारे अडतीस किलो. माझ्या शेजाऱ्यांचे सदतीस पौंड. वजन झाले की पिशवी लगेच पाण्यात उलटी करायची. मासे क्षणभर थबकतात आणि गढूळ पाण्यात दिसेनासे होतात. पाच-पाच पौंडांच्या वर्गणीतून जमलेला गल्ला पहिल्या तिघांत वाटला गेला. पहिल्याने आपल्या वाट्यातून सर्वांना चहा पाजला. टाळ्या झाल्या, टिंगल झाली आणि सभा संपली.

'खायचे नाहीत, तर पकडायचे कशाला?' मराठी घरात ही हकीकत सांगितली की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो योग्यच आहे. इंग्रज माणूस हे मासे खात नाही. त्यांना चिखलाचा वास येतो आणि काटे फार, असे तो सांगतो. तळ्यावरचा मासा तर मालकाचाच, तो नेला तर चोरी. माशाला वेदना होतात का, हा वाद जुना आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाजवळ इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले, तेव्हापासून 'त्याला काहीच कळत नाही' हे म्हणणे सोपे राहिलेले नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला मनाई आहे. मला स्वतःला हा प्रश्न सुटलेला नाही. काटेविरहित गळ, ओल्या गादीवर मासा ठेवणे, पिशवीवरची मर्यादा हे नियम माणसाच्या मनातली टोचणी कमी करतात, माशाची किती करतात ते मासाच जाणे. पण त्या दिवशी मला जो प्रश्न घेऊन घरी यावे लागले तो निराळाच होता आणि तो माशापेक्षा पाण्याचा होता.

निकालात सर्वांत शेवटी होते क्लबाचे सर्वांत वडील सभासद. त्यांचे वजन फक्त चार पौंड. ते दिवसभर तर्जनीएवढे रोच पकडत बसले होते. कार्प का नाही पकडले, असे मी विचारले, तर म्हणाले, "ते इथे आणून सोडलेले आहेत. त्यांना पकडायचे म्हणजे दुकानातून वस्तू उचलल्यासारखे वाटते." ते तरुण असताना क्लब दर रविवारी बस करून ट्रेंट नदीवर जात असे. ट्रेंटच्या काठचा पाऊण मैलाचा पट्टा आजही क्लबाकडे भाडेपट्ट्याने आहे. गेल्या हंगामात तिथल्या स्पर्धेला सात जण आले. पट्ट्याची मुदत संपत आली असून तो पुढे चालू ठेवायचा की सोडून द्यायचा, हे येत्या वार्षिक सभेत ठरायचे आहे. सोडावा असेच बहुमत दिसते.

या बहुमताला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यामागची कारणे खरी आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शेतीत भागेना तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी नापीक कोपऱ्यांत तळी खोदली आणि त्यांत कार्प सोडले. आपल्याकडे शेततळ्यात 'सायप्रिनस' म्हणून सोडतात तोच हा मासा. आपला शेतकरी तो विकायला वाढवतो, इथला शेतकरी तोच मासा पुन्हा पुन्हा पकडू देऊन त्याचे भाडे घेतो. तळ्यावर गाडी पेगपर्यंत जाते, स्वच्छतागृह असते, गरम चहा असतो, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही बसता येते. भोवती कुंपण असते, कारण एकेकाळी दिसेनाशी झालेली पाणमांजरे २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात परतली आणि त्यांनाही कार्प आवडतो. मुख्य म्हणजे इथे मासा मिळतोच. नदीच्या निसरड्या काठावरून सामान वाहायचे, पुराच्या पाण्याकडे पाहत बसायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, हे सत्तरीच्या माणसाने का करावे? ती बारा वर्षांची मुलगी पहिल्याच दिवशी रिकामी परतली असती तर पुन्हा आली असती का?

आणि नदी ओस पडली ती केवळ घाण झाली म्हणून, असेही नाही. ट्रेंटची गोष्ट उलटीच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिच्या काठच्या कोळशाच्या वीजकेंद्रांचे कोमट पाणी नदीत येई आणि रोचचे थवेच्या थवे गळाला लागत. पुढे पाणी निवळले, केंद्रे एकेक करून बंद झाली. ट्रेंटकाठचे रॅटक्लिफ हे ब्रिटनमधले कोळशावर चालणारे अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. निवळ पाण्यात मासा सावध झाला, पाणकावळ्यांना तो दिसू लागला, आणि स्पर्धेत भरभरून मिळणारे वजन गेले. नदी सुधारली आणि गळवाले निघून गेले, असा हा अजब न्याय.

मग पट्टा सोडला तर बिघडले कुठे? माझ्या मते फार बिघडते, आणि ते कळण्यासाठी डर्बीच्या एका खटल्याकडे जावे लागते.

ट्रेंटला मिळणारी डर्वेंट ही नदी डर्बी शहरातून वाहते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिच्यात कृत्रिम धाग्याच्या मोठ्या कारखान्याचे दूषित पाणी येई, नगरपालिकेचे अर्धवट शुद्ध केलेले मैलापाणी येई आणि वीजकेंद्राचे गरम पाणी येई. मासे मेले. 'प्राइड ऑफ डर्बी' नावाच्या गळवाल्यांच्या क्लबाने तिघांनाही कोर्टात खेचले. त्यांच्या पाठीशी होती १९४८ साली जॉन ईस्टवुड या वकिलाने नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढण्यासाठी स्थापलेली गळवाल्यांची संघटना. नगरपालिकेचे म्हणणे असे की शहर वाढले, मैला वाढला, त्याला आम्ही काय करणार? न्यायालयाने ते ऐकले नाही. १९५२ साली क्लबाच्या बाजूने निकाल लागला आणि १९५३ मध्ये अपिलातही तो टिकला. प्रदूषण थांबवण्याचा मनाई हुकूम निघाला, सुधारणेसाठी मुदतही मिळाली. आजही कायद्याचे विद्यार्थी हा खटला अभ्यासतात.

यातली मेख अशी की क्लबाला हा खटला भरता आला तो नदीवर प्रेम होते म्हणून नव्हे. त्या पाण्यात मासे पकडण्याचा कायदेशीर हक्क त्याच्या मालकीचा होता म्हणून. मासे मेले म्हणजे क्लबाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, आणि नुकसान झालेल्याला दाद मागता येते. रस्त्याने जाणाऱ्या निसर्गप्रेमीला नुसते हळहळता येते. म्हणजे पाऊण मैलाचा तो भाडेपट्टा म्हणजे सात जणांच्या करमणुकीची सोय एवढेच नाही. तो नदीच्या बाजूने कोर्टात उभे राहण्याचा परवाना आहे. तो सोडला की वार्षिक हिशेबात थोडे पौंड वाचतील आणि नदीचा एक वकील कमी होईल.

आणि वकिलाची गरज संपलेली नाही. इंग्लंडच्या पुष्कळ शहरांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहतो. पाऊस वाढला की नळ तुंबू नयेत म्हणून तो सगळा नदीत सोडण्याची वाट ठेवलेली असते. २०२३ या एका वर्षात या वाटा मिळून ३६ लाख तास उघड्या होत्या. २०२० च्या सरकारी पाहणीत इंग्लंडातल्या नद्यांपैकी केवळ १४ टक्के जीवसृष्टीच्या दृष्टीने 'चांगल्या' ठरल्या. कोळशाचे कोमट पाणी गेले, पण हे आले. याविरुद्ध देशभर आवाज उठवणाऱ्यांत फर्गल शार्की हे एकेकाळचे रॉक गायक पुढे आहेत, आणि तेही मुळात नदीवर ट्राउट पकडणारे. मैल्याच्या पाण्यात वरचा वर्ण आणि भरड वर्ण असा भेद उरत नाही, एवढे तरी बरे. २०२२ पासून इथल्या गळवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, सेव्हर्न नदीपासून सुरुवात करून, क्लबांच्या स्वयंसेवकांच्या हाती पाणी तपासायची साधने दिली आहेत. महिन्याला एकदा बाटली भरायची, फॉस्फेट आणि नायट्रेट मोजायचे, आकडे कळवायचे. हे काम काठावर जाणाराच करू शकतो. तळ्यावर बसलेल्या माणसाला नदीचा रंग बदलल्याचे कळणार कसे?

आम्ही कृष्णाकाठच्या माणसांनी हे निराळ्या रीतीने पाहिले आहे. माझ्या लहानपणी पोहायला शिकायचे ते घाटावरच, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. मग घरोघर नळ आले, शहरात पोहण्याचे तलाव झाले. ते यायलाच हवे होते. पण घाटावरची वर्दळ आटली आणि पाण्याला कोणता वास येतो हे सांगणाराही कुणी उरला नाही. सोय वाईट नसते. सोयीमागून येणारी पाठ फिरवण्याची सवय वाईट असते.

म्हणून माझ्या शेजाऱ्यांच्या क्लबाने तळे सोडावे, असे मी म्हणणार नाही. त्या तळ्याने म्हाताऱ्यांना एकटेपणातून बाहेर काढले आहे आणि लहानग्यांना पहिला मासा दाखवला आहे. तो आनंद खरा आहे. मी सभासद नाही, मला मतही नाही. पण शेजाऱ्यांना मी एवढे म्हटले आहे की वर्षातल्या स्पर्धांपैकी दोन, फक्त दोन, ट्रेंटवर ठेवा. बाराऐवजी सात येतील, सातांऐवजी पाच. कुणी रिकामे परततील. वडील सभासद कदाचित पहिले येतील. त्या मुलीला आजोबांनी एकदा तरी असा मासा दाखवावा, जो कुणी विकत आणून सोडलेला नाही. भाडेपट्टा चालू ठेवा, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी बाटली घेऊन जा.

शेजारी यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सभेत मांडून पाहतो. पण नदीवर माझा मासा सुटला तर दोष तुम्हाला." हा सौदा मला मान्य आहे. तळ्यात मासा मिळण्याची हमी पैसे देऊन घेता येते. नदी तशी हमी देत नाही आणि देऊही नये. तिला ग्राहक नको आहेत, तिला काठावर येऊन बसणारी माणसे हवी आहेत.